अंथुर्ण्याची विहीर आणि पारूबाईंचा तांब्या

माझं काम डोंगरउतारांचं आहे. पुण्यातल्या एका छोट्या कार्यालयात बसून घाटरस्त्यांच्या कडेची माती आणि तिच्याखालचा खडक यांचे नकाशे करायचे, आणि पावसाळ्यात कुठली दरड खाली येऊ शकते ते आधी सांगायचं. त्यामुळे सुट्टी मिळाली की मी शक्यतो सपाट जागी जाते. फेब्रुवारीच्या शेवटी तीन दिवस मिळाले आणि बारामती-इंदापूर ठरवलं, त्याचं हे एक कारण. दुसरं कारण वैशाली.

वैशाली माझी कॉलेजातली मैत्रीण. तिचं माहेर इंदापूर तालुक्यातलं अंथुर्णे. ती गावीच होती आणि तिथून तिचा फोन आला. "आमच्या रानात नवी विहीर चाललीय. परवा कडेचं एक मोठं ढेकूळ आत पडलं. कुणाला लागलं नाही, पण रोज तीन माणसं खाली उतरतात. आई धास्तावलीय. फिरायला ये, आणि एकदा बघून जा."

"मी विहिरींची तज्ज्ञ नाही," मी म्हटलं.

"माती तीच ना?"

माती उभी कापली की तिला खाली यायचंच असतं. विहीर म्हणजे चारी बाजूंनी उभा कडा, फक्त जमिनीच्या आत.

स्वारगेटवरून बारामतीला दोन वाटांनी एसट्या जातात. मी सासवड-जेजुरी-मोरगाववरून जाणारी घेतली. सव्वातीन तास लागले. बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे भाड्याची काळजी नको. या रस्त्याला दिवे घाट लागतो. बाकीचे प्रवासी मोबाइल बघत होते आणि मी सवयीने कापलेल्या कडा मोजत होते. घाट संपल्यावर मात्र नजरेला काम उरत नाही. मोरगाव मागे पडलं की जमीन हळूहळू हिरवी होत जाते आणि उसाने भरलेल्या ट्रॉल्या रस्ता अडवायला लागतात. चालक त्यांच्यामागे शांतपणे बस चालवतो. तुम्हीही तसेच शांत राहा. ओव्हरटेक करण्यासारखी जागा मिळत नाही.

बारामती स्वच्छ, रुंद रस्त्यांचं गाव आहे. स्टँडासमोर वडापाव खाल्ला आणि रिक्षा करून कन्हेरीच्या बाजूला गेले, कारण मला नीरा डाव्या कालव्याचा भराव जवळून बघायचा होता. पर्यटकाने कालवा बघावा असं कुणी सांगत नाही. मी सांगते. इतकं पाणी, मातीच्या दोन भिंतींमध्ये धरून, इतक्या लांब नेलेलं असतं आणि दोन्ही बाजूंना माणसं निर्धास्त भाजी पिकवत असतात.

भरावावर एक म्हातारे शेतकरी फावड्याने एका बिळात ओली माती ठासत होते. मी थांबले.

"उंदराचं आहे का?" मी विचारलं.

"खेकड्याचं. उंदीर परवडला, त्यो कोरडं बघून घर करतो. ह्यो थेट पाण्यापातूर जातो." त्यांनी टाचेने माती दाबली. "तुमी कालव्याच्या हापिसातल्या का?"

"नाही, फिरायला आलेय."

"फिरायला? हितं?" त्यांनी माझ्या बुटांकडे बघितलं. "मग एक काम करा. फिरता फिरता बीळ दिसलं तर हाक मारा."

त्यांचं रान भरावाच्या अगदी खाली होतं. भराव त्यांच्या मालकीचा नव्हता, ते काम त्यांना कुणी दिलेलं नव्हतं. पाणी सुटलं की दर दिवसाआड एक फेरी, एवढंच त्यांनी सांगितलं. आम्ही ज्याला 'निरीक्षण वेळापत्रक' म्हणतो आणि ज्याच्यासाठी बैठका घेतो, ते हेच. त्यांनी बैठक घेतली नव्हती. अर्ध्या किलोमीटरमध्ये मी त्यांना दोन बिळं दाखवली. दुसरं त्यांना आधीच माहीत होतं.

येताना वाटेवर एका गुऱ्हाळात थांबले. गरम काकवी द्रोणात देतात. बोटाने खायची. जीभ भाजते, तरी खायची.

दुपारी इंदापूरची एसटी धरून अंथुर्ण्याला उतरले. वैशाली स्कूटर घेऊन आली होती. तिचे वडील, ज्यांना सगळं गाव तात्या म्हणतं, आम्हाला थेट रानात भेटले. साठीचे, ताठ, बोलण्यात घाई. त्यांनी आधी मला ऊस दाखवला. खोडव्यात, म्हणजे तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसात, पाचट पसरलेलं होतं. पाचट म्हणजे ऊस तोडल्यावर मागे राहणारी वाळकी पानं. बहुतेक लोक ती पेटवून देतात. तात्या पेटवत नाहीत. "जमीन झाकून ऱ्हाती. पाणी कमी लागतं. गांडुळं बघा," असं म्हणत त्यांनी पायाने पाचट सरकवून दाखवलं. गांडुळं खरंच होती.

मग विहीर. तोंड चाळीस फूट रुंद, खोली तीस फुटांच्या आसपास. वरचे दहा-बारा फूट काळी माती, खाली चुनखडीची पिवळट माती आणि तळाला मुरूम लागलेला. पश्चिमेच्या काठावर यारी उभी होती. यारी म्हणजे खणलेला माल बादलीने वर ओढणारी लोखंडी क्रेन. आणि यारीच्या शेजारी, काठापासून दोन फुटांवर, खणलेल्या मुरमाचा माझ्या दुप्पट उंचीचा ढीग.

ढेकूळ पडलं होतं ते त्याच ढिगाखालून. यात कोडं काही नव्हतं. कापलेल्या कडेच्या डोक्यावर वजन ठेवलं की कड लवकर खाली येते. घाटात हीच चूक पन्नास ठिकाणी बघितलीय.

"ढीग मागे घ्यायला हवा," मी म्हटलं. "खोलीच्या निम्मं तरी अंतर. म्हणजे पंधरा फूट."

तात्यांनी वाद घातला नाही, हे मला आवडलं. संध्याकाळच्या आत जेसीबी आणून त्यांनी ढीग वीस फूट मागे नेला. तोवर मी बाकीच्या बाजू बघितल्या. पूर्वेला उसाचा खोडवा थेट काठापर्यंत होता. त्या बाजूची कड सरळ, कोरडी, स्वच्छ कापलेली. मी पश्चिमेकडून, समोरून, नीट बघितली. फोटो काढले.

"मग? बाकी?" तात्यांनी विचारलं.

"बाकी ठीक आहे," मी म्हटलं.

रात्री बाजरीची भाकरी, हुलग्याची शेंगोळी आणि ठेचा. वैशालीच्या आईने मला तीनदा वाढलं आणि विहिरीबद्दल एकदाही विचारलं नाही. मी ठीक म्हटलंय हे तिच्यापर्यंत पोचलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता आम्ही रानात होतो. विहीर खणणारी टोळी तिथेच पालात राहते. मुकादम मारुतीआबा, त्यांची बायको पारूबाई, दोन मुलगे, जावई आणि सुना. खाली उतरतात ते दोन मुलगे आणि जावई. यारी मुकादम चालवतात. वैशालीने मला आधीच सांगून ठेवलं होतं, "आता पारूबाईंचा तांब्या बघ. सकाळची पूजा असते."

पारूबाई पन्नाशीच्या, बारीक, डोक्यावर पदर. पाण्याने भरलेला पितळी तांब्या घेऊन त्या काठाने चालायला लागल्या. काठापासून चार-पाच फूट लांबून, धार बारीक, पाऊल टाकायचं, धार सोडायची, थांबायचं, बघायचं. कुंकू नाही, फूल नाही, तोंडाने काही म्हणणं नाही. दहा पावलं गेल्यावर माझ्या लक्षात आलं की ही पूजा नाही. त्या पाणी कुठे जातंय ते बघत होत्या. साचलं, पसरलं, की पुढचं पाऊल.

पश्चिमेची बाजू झाली. उत्तर झाली. तांब्या दोनदा भरला. खाली उतरणारी माणसं शिडीपाशी तंबाखू मळत उभी होती. तिथला नियम असा की पारूबाईंची फेरी पुरी झाल्याशिवाय कुणी शिडीला हात लावायचा नाही. जिचे पोटचे खाली, तिचं ऐकायचं. मुकादमसुद्धा ऐकतो.

पूर्वेला त्यांनी पायाने पाचट बाजूला केलं आणि धार सोडली. पाणी साचलं नाही. गुळगुळ आवाज आला आणि ते गेलं. दोन पावलं पुढे पुन्हा पाचट सरकवलं, पुन्हा धार, पुन्हा तेच. पारूबाई थांबल्या. तांब्या जमिनीवर उपडा ठेवला आणि पदर खोचून बाजूला जाऊन बसल्या.

जावयाने तंबाखू थुंकली. "झाली सुट्टी."

"सुट्टी कशाची?" तात्या पुढे आले. "मारुतीआबा, यारी उद्या निमगावला जाणार हाय. आज काम न्हाय झालं तर पुन्हा कधी यायची?"

"मी काय बोलू तात्या? तांब्या उपडा हाय."

"अवो, काल ह्या पावण्या बाईंनी सगळं बघितलंय. शिकल्याल्या हायत्या, डोंगराचं बघत्यात. त्यांनी सांगितलं तसा ढीग हलवला का न्हाय? ह्या बाजूला ठीक हाय म्हणल्यात. इचारा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. शिडीपाशी उभ्या मोठ्या मुलाने एक हात शिडीवर ठेवला होता.

माझ्या मनात आलेली पहिली गोष्ट मी इथे लिहून ठेवते, कारण ती चुकीची नव्हती, फक्त अपुरी होती. काळ्या मातीला उन्हात भेगा पडतातच. कुठेही पाणी ओता, ते भेगेत जाणार. यावरून कड पडेल असं म्हणता येत नाही. मी हेच बोलले, अगदी हळू आवाजात.

पारूबाईंनी मान वर केली. "व्हय बाई. पर त्या भेगांची जाळी असती. हिकडं एक, तिकडं एक, एकीत एक. ही जाळी न्हाय. ही कडंसंगं चालतीया."

मी पूर्वेला गेले. गुडघ्यांवर बसून पाचट हाताने उचलत गेले. भेग एकच होती. काठापासून साडेचार फुटांवर, काठाला समांतर, किंचित वाकलेली. दोन्ही टोकं काठाकडे वळत होती. मी तेवीस फूट लांबी मोजली. वैशालीने सळई आणली. ती पाच फूट आत गेली आणि तळ लागला नाही.

"या खोडव्याला पाणी कधी दिलं होतं?" मी विचारलं.

"चार दिस झालं. पाटानं," तात्या म्हणाले.

पाटाचं पाणी भेगेत उतरलं होतं. वरून पाचटाने झाकलेलं. तात्यांचं जमीन झाकणं अगदी योग्य होतं, फक्त भेगही तिच्यासोबत झाकली गेली होती. आणि मी काल तिथे, विहिरीच्या पलीकडून, चाळीस फुटांवरून, ती कड स्वच्छ आहे म्हणून सांगितलं होतं. ढिगात दोष सापडला म्हणून मी शोधायचं थांबवलं होतं.

"तात्या," मी म्हटलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हटलं, "काल मी सांगितलं ते चूक होतं. ही बाजू ठीक नाही. मी पाचट उचलून बघितलं नव्हतं. आज खाली कुणी उतरू नये."

तात्यांचा चेहरा उतरला. "काल ठीक, आज न्हाय. मंग आमी धरून काय चालायचं?"

"पारूबाईंचं धरा."

तात्या रागाने दहा पावलं गेले, परत आले, भेगेपाशी बसले, तिच्यात बोटं घातली. चार बोटं सहज गेली. "ए," ते शिडीपाशी ओरडले, "हात काढ तिथला."

मग मी मला येतं ते केलं. भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकल्या आणि दर अर्ध्या तासाने त्यांच्यामधलं अंतर मोजत बसले. तात्यांनी टोळीला काठापासून दूर, बांधावर हलवलं. पारूबाई शेजारी येऊन बसल्या.

"ह्ये कशापायी?"

"भेग वाढतेय का ते कळतं. किती वेगाने वाढतेय तेही."

"मला एवढं न्हाय लागत. मला उतरायचं का न्हाय, तेवढंच लागतं." मग थोड्या वेळाने, "पर दाखवा."

मी टेप दाखवला. त्यांना आकडे वाचता येत नव्हते. त्यांनी टेपवर नखाने खूण केली आणि पुढच्या मोजणीला स्वतः बघितलं. खूण सरकली होती.

"हे कुणी शिकवलं तुम्हाला?" मी विचारलं.

"सासूनं. तिला कुणी शिकवलं न्हाय." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "तिचा थोरला बार्शीकडं एका हिरीत ऱ्हायला. तवापासनं तिनं तांब्या धरला."

मी पुढची मोजणी घेतली.

सकाळभर भेग दर मोजणीला दोन-तीन मिलिमीटर वाढत होती. बाराच्या सुमाराला ती सहाने वाढली, नंतर अकराने. मी मारुतीआबांना यारीपासूनही लांब बोलावलं. सगळे चिंचेखाली भाकरी खात होते तेव्हा आवाज आला. मोठा नव्हता. कुणीतरी ओलं गोणतं जमिनीवर टाकावं तसा. मग धूळ वर आली आणि खोडव्याच्या चार सऱ्या उसासकट दिसेनाशा झाल्या.

मारुतीआबांनी हातातला घास तसाच ताटलीत ठेवला. धूळ बसल्यावर आम्ही लांबून बघितलं. शिडीचं वरचं टोक तेवढं दिसत होतं.

जावई म्हणाला, "माझी नवी घमेली गेली की खाली."

"दोन व्हती," पारूबाई म्हणाल्या. "आणि तू एकच हायस. भाकरी खा."

हसावं की नाही ते कुणाला कळेना. मग धाकटा मुलगा हसला आणि सगळेच हसले. तात्या मात्र हसले नाहीत. ते पारूबाईंसमोर जाऊन उभे राहिले, डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली, आणि म्हणाले, "यारी जाऊ दे निमगावला. तुमी सांगाल तवा काम." पारूबाईंनी नुसती मान हलवली.

दुपारनंतर पुढचं ठरलं. तोंड रुंद करायचं, काळ्या मातीचे दोन टप्पे पायऱ्यांसारखे कापायचे, पूर्वेचा पाट वळवायचा. पायऱ्यांची मापं मी काढून दिली. ती देताना मी प्रत्येक बाजूला स्वतः चालत गेले. खोडव्याच्या आणखी सहा सऱ्या जाणार होत्या. तात्यांनी त्या सऱ्यांकडे एकदाच बघितलं आणि मजुरांना कोयता आणायला सांगितलं.

तिसऱ्या दिवशी वैशालीने मला भिगवणला सोडलं. उजनीच्या पाण्यावर सकाळी सातच्या आधी पोचलात तर होडीवाले रोहितांच्या, म्हणजे फ्लेमिंगोंच्या, थव्याजवळ नेतात. भाडं होडीचं असतं, माणशी नव्हे, म्हणून चौघं-पाचजण जमले की परवडतं. दुर्बीण स्वतःची न्या. नंतर हायवेच्या कडेला चिलापी माशाचं कालवण आणि ज्वारीची भाकरी मिळते. कालवण तिखट असतं, सांगून कमी करून घेता येतं, पण मी घेतलं नाही. तिथून पुण्याच्या बस भरपूर आहेत, अडीच तासांत हडपसर.

उन्हाळ्यात त्या भागात फिरलात तर रस्त्यावरून याऱ्या दिसतील. फोटोसाठी काठाजवळ जाऊ नका. लांबून बघितलं तरी ते काम बघण्यासारखं आहे. मातीच्या तीस फूट खाली हाताने खणत उतरणारी माणसं, आणि वर त्यांच्यासाठी डोळ्यांत तेल घालून चालणारी बाई. आमच्या कार्यालयात महागडी यंत्रं आहेत. ती मला आवडतात आणि मी ती वापरत राहीन. पण ती लावण्याआधी कुणालातरी खाली वाकून पाचट उचलावं लागतं, हे मला माहीत असूनही मी केलं नव्हतं.

परत आल्यावर तीन आठवड्यांनी अंथुर्ण्याच्या विहिरीला पाणी लागल्याचं वैशालीने कळवलं. त्यानंतर काही दिवसांनी एका अनोळखी नंबरवरून सकाळी पावणेसातला फोन आला. पारूबाई होत्या, वैशालीकडून माझा नंबर घेतलेला. टोळी वडगाव निंबाळकरला गेली होती, नवी विहीर, नवा मालक.

"बाई, तांब्या उपडा हाय आणि मालक ऐकंना. तुमी बोला."

मी विचारलं, "काठापासून किती?"

"तीन पावलं."

"जाळी की काठासंगं?"

"कडंसंगं. इकडून तिकडं."

"पाणी जातंय?"

"आवाज करत."

मालकाने फोन घेतला. तरुण आवाज होता, चिडलेला. मी माझं नाव, शिक्षण आणि काम सांगितलं, आणि आज कुणालाही खाली उतरवू नका म्हणाले.

"मॅडम, तुमी पुण्यात बसून, न बघता कसं सांगता?"

"त्यांनी बघितलंय," मी म्हटलं.